डाव्या चाकाचं लोणी

काम एवढंच होतं की गाडीच्या पुढच्या दोन चाकांमागची ऑइल सीलं बदलायची. ऑइल सील म्हणजे बांगडीएवढं रबराचं कडं. आतलं तेल आत ठेवणं एवढंच त्याचं काम. त्या दोन कड्यांपायी आमची गाडी अठरा दिवस विटांवर उभी राहिली, सरकारनं तिला बेवारस ठरवलं, आणि मी, गोपिका, वय वर्षं सदुसष्ट, तिच्यात बसून तूरडाळ पाखडली. गल्लीत या गोष्टीची वेगवेगळी हकीकत सांगतात. खरी ही आहे.

गाडी पांढरी, मागे सामानाचा उघडा डाला असलेली, सरकारी लिलावातून घेतलेली. तिची चारही चाकं ओढतात. लोकांच्या गाड्यांची दोन चाकं ओढतात आणि दोन नुसती सोबत जातात. आमच्या घरातही तसंच आहे, म्हणून हा फरक मला लगेच समजला.

रामटेकच्या अलीकडे आमचं धानाचं शेत आहे. भाद्रपदात तिथल्या पांदणीत, म्हणजे शेताकडच्या अरुंद वाटेत, असा चिखल असतो की मुलाची, अश्विनची, छोटी कार दोनदा ट्रॅक्टरनं ओढून काढावी लागली. आमची गाडी मात्र गुरगुरत जाते. ती आमचे महादेवराव चालवतात; कुठे वळायचं ते मी सांगते. या गाडीमुळे मला माझ्या शेतावर जायला कोणाला विचारावं लागत नाही. मनात आलं की ह्यांना उठवायचं आणि निघायचं. अश्विनच्या कारनं जायचं तर त्याला सुटी पाहिजे, त्या सुटीला सुनेच्या, मिनलच्या, माहेरी काही नको, आणि पांदणीत चिखल नको. म्हणजे माघ महिन्यात.

अश्विन कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला आहे आणि त्याला ही गाडी घरासमोर बघवत नाही. तिथे राख वाहणारा रोहित नावाचा एक कंत्राटदार त्याच्या ओळखीचा. तो गाडी घ्यायला कधीचा तयार होता. मीच तयार नव्हते.

आता पोळ्याचं सांगते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून खांदा दुखलेला असतो, म्हणून गरम पाण्यानं शेकायचा आणि पळसाच्या पानानं त्यावर लोणी-हळद चोळायची. मग बैलाला म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. आमची जोडी गेली त्याला सात वर्षं झाली. जोडी गेली म्हणून रीत गेली, असं माझ्या घरात होत नाही. आता ओझं गाडी ओढते, तर खांदा गाडीचा शेकायचा. पहिल्या वर्षी मी बॉनेटवर चोळलं. तेव्हा हेच म्हणाले, की गाडीचा खरा भार पुढच्या एक्सलवर असतो. तेव्हापासून एक्सलला, खाली वाकून, चाकाच्या मागे हात घालून. यंदा उजवं चाक भिंतीला लागून होतं, हात जाईना. म्हणून दोन्ही चाकांच्या वाटचं लोणी मी डाव्यालाच लावलं. मोठी वाटीभर. आवतण मात्र दोघांना दिलं.

पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी डाव्या चाकाखाली डाग दिसला. मला नाही, मनोहररावांना. मनोहरराव आमचे शेजारी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कुठे काही गळत असलं की त्यांना घरात बसवत नाही. ते उकिडवे बसले, बोट लावलं, बोटाकडे पाहिलं.

"वहिनी, तुमचं सील गेलं."

"माझं काही नाही गेलं. गाडीचं असन."

"गाडीचंच म्हणून राहिलो ना मी. एक्सलचं तेल आहे हे."

तेवढ्यात आमची सून मिनल शाळेतून आली. ती शिकवते, त्यामुळे प्रश्न विचारायची सवय तिला पगारी आहे. तिनं डागाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आई, हे लोणी तर नाही ना?"

"लोणी असं काळं असते काय?"

"धूळ लागली की होतं काळं. आणि मुंग्या बघा. गिअर ऑइलला मुंग्या लागतात का?"

मी पाहिलं. लागल्या होत्या. चांगली शिस्तीत रांग होती.

"आपल्या गाडीच्या ऑइलले लागतात," मी म्हटलं.

संध्याकाळी अश्विनला हे कळलं आणि तो हसून हसून सोफ्यावर आडवा झाला. वर म्हणतो, "आई, एक्सलले फोडणी काहून नाही दिली वं? थोडी मोहरी टाकली असती तं अजून पळाली असती."

माझ्या लोण्याबद्दल आजवर कोणी वावगा शब्द काढलेला नाही. माझं लोणी कढवलं तर त्याचं तूप होतं, नाही कढवलं तर ते लोणी राहतं. रस्त्यावर गळणं हे त्याच्या स्वभावात नाही. तसं मी सांगितलं.

"बरं," अश्विन डोळे पुसत म्हणाला. "लावतेस शर्त? चाक खोलून पाहू. सील गेलं असन तं गाडी राहू दे, मी पुन्हा विकायचं नावच काढत नाही. लोणी निघालं तं दसऱ्याच्या आत गाडी रोहितले."

"मंजूर," मी म्हटलं. ह्यांनी पेपरच्या वरून डोळे काढले आणि पुन्हा आत घेतले.

मार्तंड मिस्तरीला मी घरीच बोलावलं. गॅरेजमध्ये कोण काय काढतं आणि कोण काय टाकतं हे दिसत नाही. माझ्या अंगणासमोर सगळं माझ्या डोळ्यांखाली होईल, असा माझा हिशेब. मार्तंड पन्नाशीचा, शांत. एक वाक्य बोलला की दुसऱ्यासाठी हात पुसतो.

"काकू, सील लहान असते, पण शेवटी असते. आधी चाक काढा लागन. मग ब्रेक. मग बेअरिंग. मग हा सारा गोळा. मग एक्सलचा दांडा ओढून घ्या लागन. त्याच्या मागं सील."

"मागूनच काहून बसवते?"

"कंपनीले विचारा लागन."

मनोहरराव खुर्ची घेऊन आले. त्यांच्या मोबाइलवर एक गोरा माणूस हेच काम करत होता, स्वच्छ कपड्यात, आणि बारा मिनिटांत उरकून हात झटकत होता. मार्तंडनं चाक काढेपर्यंत त्या गोऱ्यानं चार गाड्या केल्या.

"मार्तंड, हा पाह्य, हातोडी मारूनच नाही राहिला," मनोहरराव म्हणाले.

"त्याच्याकडं पाऊस नाही पडत असन," मार्तंड म्हणाला आणि हातोडी मारली.

दुपारी दांडा निघाला. मनोहरराव जेवायला गेले होते. मार्तंडनं गोळ्याला बाहेरून चिकटलेलं काळं काहीतरी बोटावर घेतलं, चोळलं, नाकाशी नेलं. मग दुसऱ्या हाताच्या बोटावर घेतलं, जणू त्या हाताचं मत वेगळं पडेल.

"काकू, जरा इकडं या."

"काय गा?"

"हे लोणी आहे."

"कशावरून?"

"हळदबी आहे."

मी गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहून घेतलं. कोणी नव्हतं.

"आणि सील?"

"सील चांगलं होतं."

"होतं म्हणजे?"

"काढताना फाटलं. ते एकदा काढलं का फाटतेच. आता नवंच टाका लागन."

म्हणजे सील चांगलं आहे का हे पाहायला ते काढलं, आणि काढलं म्हणून खराब झालं. आमच्या चुलत नणंदेचं लग्न असंच मोडलं. सगळं ठीक आहे ना, एवढंच विचारायला सात जण गेले होते.

पण तेव्हा मला नणंद आठवत नव्हती. गाडी आठवत होती. मी मार्तंडकडे पाहिलं, आणि माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, त्यानं हात पुसले.

"मी खोटं नाही बोलत काकू. कोणी इचारलं तं खरं तेच सांगन. पण कोणी इचारलंच नाही तं मी काहून बोलू?"

"तर्री पोहे खातो काय?"

"खातो."

दुसऱ्या दिवशी ह्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी सुट्या भागांच्या दुकानात गेले. पिशवीत फाटकं सील, वर्तमानपत्रात गुंडाळून. दुकानदारानं विचारलं, मॉडेल कोणतं. मी म्हटलं, पांढरं. त्यानं कागद मागितले, नंबर कॉम्प्युटरमध्ये घातला, आतून एक सील आणलं. आमचं त्याच्यात अख्खं बसलं, वर चार बोटं जागा राहिली. त्यानं माप घेतलं, डोकं खाजवलं.

"मावशी, गाडी या कंपनीची आहे, पण पुढचा एक्सल दुसऱ्या गाडीचा आहे. लिलावाच्या आधी कोणीतरी बदलून ठेवलाय."

सात वर्षं मी ज्याच्या खांद्याला लोणी लावत होते तो आमच्या घरातला नव्हताच, हे मला तिथे कळलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे दुकानातलं कॅलेंडर पाहत होते. त्यांना माहीत होतं की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही. राखून ठेवलं आहे.

सील मागवावं लागलं. आठ दिवसांनी आलं ते मागच्या चाकाचं. ते परत गेलं. तोवर गाडी विटांवर, डावं चाक डाल्यात, आणि मार्तंड दुसऱ्या कामावर. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून आपलं मत देऊन जायचा. प्रेमिला भाजीवाली म्हणाली, दृष्ट लागली, लिंबू बांधा. मनोहररावांनी सांगितलं, सील विकत घेऊच नका, जुनी सायकलची ट्यूब कापून बसवा. पाटबंधाऱ्यात असतानाचा त्यांचा अनुभव होता. कोणता कालवा तो, हे मी विचारलं नाही. आपण त्या बाजूचं पाणी पीत असलो तर उगाच.

बाराव्या दिवशी महापालिकेच्या झोन ऑफिसातून एक साहेब आणि दोन माणसं आली आणि काचेवर पिवळा कागद चिकटवून गुपचूप निघूनही गेली असती, पण मी खिडकीत होते.

"काय लावून राहिले गा?"

"बेवारस वाहन, आजी. विटांवर आहे, चाक नाही, धूळ बसली आहे. सात दिवसांत उचलू."

बेवारस. माझ्या दारातली वस्तू. मी पदर खोचला आणि खाली गेले.

"वारस आहे. कोराडीले ड्युटीवर गेला. त्याले गाडी नको, ते वेगळं."

"मालक कोण?"

"ते काय, ओसरीत पेपर वाचून राहिले."

साहेब ह्यांच्याकडे गेले. "काका, ही गाडी तुमची?"

ह्यांनी पेपर खाली केला, गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हिले विचारा," म्हणाले.

साहेबांनी काचेवरच्या पिवळ्या कागदावर काहीतरी लिहिलं. मिनलनं नंतर वाचून दाखवलं: मालक अनिश्चित. पन्नास वर्षांच्या संसारात ह्यांच्याबद्दल इतकं अचूक कोणी लिहिलं नव्हतं, पण सरकारी कागदावर ते शोभत नाही.

कागद काढायचा तर मिस्तरीचं पत्र पाहिजे होतं, की दुरुस्ती चालू आहे. तेही गॅरेजच्या छापील कागदावर. मार्तंडच्या गॅरेजचं नाव फक्त त्याच्या भिंतीवर छापलेलं आहे. भिंत नेता येत नव्हती. मग मनोहररावांनी जन्मात एकदा कामाचं सांगितलं: "वहिनी, आत माणूस बसलं असन तं क्रेनवाला गाडी उचलत नाही. नियम आहे."

म्हणून मी आत बसले. दहा ते पाच. त्याच्या पुढे सरकार उचलत नाही. सूप घेतलं, तूरडाळ घेतली, पाठीशी उशी. विटांवरच्या गाडीतून गल्ली फार चांगली दिसते. प्रेमिला भाजी खिडकीतूनच द्यायची. तिसऱ्या दिवशी तर समोरच्या बायका डाल्यात चटई टाकून वाती वळायला बसल्या. जाणाऱ्या एका माणसानं विचारलं, ही गाडी कुठं चालली? मी म्हटलं, रामटेकला. तो म्हणाला, मी वाटेत कन्हानला उतरेन, आणि चढायला लागला.

शेवटी मिनलनं सुवाच्य अक्षरात पत्र लिहिलं, मार्तंडनं सही केली, आणि साक्षीदार म्हणून मनोहररावांनी सहीखाली आपला हुद्दा लिहिला. 'निवृत्त' हा शब्द त्यांनी इतका बारीक काढला की तो मुंगीच वाटावा. साहेबांनी पत्र ठेवून घेतलं आणि पिवळा कागद आम्हालाच काढायला सांगितला. तो निघाला नाही. अर्धा अजून आहे.

सोळाव्या दिवशी दोन सीलं आली. डावं बसलं. मग गाडी भिंतीपासून ढकलून मार्तंडनं उजवं चाक खोललं. मी जवळच होते. तिथे एक थेंब नव्हता.

"हे तं चांगलं निघालं," मी म्हटलं.

"नाही काकू." त्यानं हात पुसले. "गळाले आत काही राहाले पाहिजे ना. सारं तेल कधीचंच गेलं. हे सील मेलं त्याले वर्ष झालं असन. अशीच चिखलात घातली असती तं आतले सारे दाते मोडले असते. एक्सल गेला असता."

म्हणजे मी डाव्याला लोणी लावलं नसतं, तर कोणी चाक खोललं नसतं. आणि खोललं नसतं तर गाडी पांदणीत मेली असती.  एवढं सुख मला अश्विनच्या मुंजीतही झालं नव्हतं.

संध्याकाळी उजव्या चाकाचं सील स्टीलच्या ताटलीत ठेवून मी अश्विनपुढे धरलं. कडा झिजलेल्या, मधून चिरलेलं. मार्तंडला मी तिथेच उभं केलं.

"हे सील गेलेलं होतं काय गा?"

"पुरं गेलेलं," मार्तंड म्हणाला.

अश्विननं ते उलटंपालटं केलं. "सीलच निघालं म्हणायचं."

"मी काहीच म्हणत नाही. तू पाह्य."

"आणि डाव्याचं कुठे आहे?" मिनलनं विचारलं. शिकवणाऱ्या बायकांचं हेच.

"फाटलं."

"तेही?"

"तेही."

यात खोटं एकही अक्षर नाही. अश्विननं शर्त हरल्याचं कबूल केलं आणि रात्री दोन पोळ्या कमी खाल्ल्या. गाडी राहिली.

पण शब्द अश्विनचा बांधलेला होता. कागद ह्यांच्या नावाचे होते. रविवारी सकाळी रोहित स्वतः दारात उभा. अश्विननं कोराडीला कँटीनमध्ये सरळ मनानं सांगितलं होतं, की आईनं हट्टानं दोन्ही सीलं नवी टाकली, एक्सल तेलानं भरला. आता रोहितला गाडी पहिल्यापेक्षा जास्त पाहिजे होती. तो नवा शर्ट घालून गाडीखाली झोपला आणि बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा देवळातून आल्यासारखा होता.

"काकू, काय काम केलं तुम्ही! एक थेंब नाही. अशी गाडी तं शोरूममध्येबी नाही भेटत. काका, तुम्ही म्हणान ते देतो. आजच."

हे गुडघा चोळत होते. हा गुडघा त्यांना शेतावर जायच्या दिवशीच आठवतो. "अवं," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आता माह्याच्यानं क्लच दाबवत नाही. चांगलं गिऱ्हाईक आहे." आणि त्यांनी खिशातून पेन काढलं. पन्नास वर्षांत ज्या माणसानं स्वतःहून काही काढलं नाही, त्यानं पेन काढलं.

मी इकडेतिकडे पाहिलं. अश्विन गप्प, कारण शर्त त्याची होती, बापाची नव्हती. मिनल चहा घेऊन दारात. मनोहरराव कुंपणावर. माझ्या चांगल्या कामामुळेच गाडी हातची चालली होती, आणि तिला थांबवण्याएवढी एकच गोष्ट माझ्याजवळ होती. ती मी अठरा दिवस पदराखाली झाकून ठेवली होती.

"रोहित," मी म्हटलं, "घेण्याआधी एक ऐकून घे गा बाबू. डावं सील गेलंच नव्हतं. ते लोणी होतं."

कपबशी वाजली. मिनलच्या हातातली.

"कोणतं लोणी?"

"घरचं. हळद घालून. मी दरवर्षी एक्सलले लावते."

"वरून?"

"आतून," मी म्हटलं. हे मात्र खोटं होतं. एकच शब्द आहे, देव सोडून देईल.

"आतून? किती वर्षांपासून?"

"सात. गिअरमध्येबी असन थोडं. मी मोजून नाही टाकत."

रोहितनं अश्विनकडे पाहिलं. अश्विनचं तोंड उघडंच होतं. मग रोहितनं फोन काढला, मार्तंडला लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"मिस्तरी, यांच्या डाव्या चाकात काय निघालं होतं?"

पलीकडे हातोडी खाली ठेवल्याचा आवाज आला. हात पुसत असावा.

"इचारलं म्हणून सांगतो," मार्तंड म्हणाला. "लोणी."

रोहितनं चहा घेतला नाही. जाताना त्यानं गाडीपासून जरा लांबून वळसा घातला. ह्यांचं पेन खिशात परत जाताना दोनदा चुकलं.

"आई," अश्विन म्हणाला, "म्हणजे शर्त तूच हारली."

"हारली," मी म्हटलं. गल्लीतली अर्धी माणसं ऐकत होती. कानशिलं तापली होती, पण मान मी खाली घातली नाही. ती सवय नाही मला.

"मग गाडी विकायची."

"विक ना. मी काहून नाही म्हणू?"

सोमवारी दुपारपर्यंत सगळ्या कोराडीत झालं, की नागपुरात एक गाडी आहे, तिच्या एक्सलमध्ये सात वर्षांचं लोणी आहे. मंगळवारी कळमन्याच्या बाजारातल्या आडत्यानं ह्यांना विचारलं, तुमचीच का ती? मिनलनं एकदा स्वयंपाकघरात हळूच विचारलं, "आई, आतून कधी लावलं होतं तुम्ही?" मी म्हटलं, "कढी ढवळ, फाटन." ती ढवळायला लागली. पाठमोरी होती, पण तिचे खांदे हलत होते.

गुरुवारी आम्ही शेतावर जाऊन आलो. पांदणीत चिखल चाकाच्या मध्यापर्यंत होता आणि धान पोटरीला आलं आहे. ह्यांनी क्लच व्यवस्थित दाबला.

अश्विनला मी स्वच्छ सांगितलं आहे. शर्त मी हरले, शब्द म्हणजे शब्द, गाडी विकायची त्याला पूर्ण मुभा आहे. त्यानं खुशाल गिऱ्हाईक आणावं. चहा मी स्वतः ठेवीन, त्याला बसवीन, आणि विचारलं नाही तरी सगळं पहिल्यापासून सांगेन.